काट्याचा गळ की बिनकाट्याचा?

मराठी भाषेने गळाला कधी फारसे चांगले म्हटलेले नाही. एखाद्याला गोड बोलून फसवले की आपण म्हणतो, ‘गडी गळाला लागला.’ निवडणुका जवळ आल्या की कोण कोणाच्या गळाला लागले याच्या बातम्यांनी वर्तमानपत्रांचे रकाने भरतात. मासे धरणारा माणूस मात्र गळाकडे इतक्या वाकड्या नजरेने पाहत नाही. विळा, कोयता, खुरपे यांच्यासारखेच ते त्याचे एक अवजार आहे, आणि आज या लेखात मी त्या अवजाराविषयीच लिहिणार आहे.

आमच्या मावळात या अवजारावरून एक वाद ऐकू येऊ लागला आहे. पवनेच्या जलाशयावर आणि इंद्रायणीच्या काठी सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईची हौशी मंडळी येतात. त्यांच्या हातात रीळ लावलेली लवचिक काठी असते आणि डब्यात रंगीत, चकाकते खोटे मासे असतात. यांतील काहीजण धरलेला मासा पुन्हा पाण्यात सोडतात. त्यांचे म्हणणे असे की, गळाच्या टोकाशी जो उलटा काटा असतो तो क्रूरपणाचा असून सर्वांनीच बिनकाट्याचा गळ वापरला पाहिजे. यावर गावचा माणूस हसतो. बिनकाट्याच्या गळाने मासा धरणे म्हणजे चाळणीने पाणी भरणे, असे त्याला वाटते. एक बाजू दुसरीला निर्दय म्हणते आणि दुसरी पहिलीला रिकामटेकडी. महाविद्यालयात शिकणाऱ्या आम्हा मावळच्या मुलांचे या दोन्ही बाजूंशी येणे-जाणे आहे. तेव्हा या वादात नुसते हसून बाजूला होणे आम्हाला शोभणार नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. गळाला काटा असावा की नसावा, हे माशाचे पुढे काय करायचे आहे यावरून ठरावे. जो मासा खाणार आहे त्याने काटा खुशाल ठेवावा. जो सोडणार आहे त्याला काटा ठेवण्याचा अधिकार नाही. आणि पुढे काय करायचे हे मनाशी न ठरवताच जो पाण्यात गळ टाकतो, त्याने प्रथम काठावर बसून ते ठरवावे.

ज्या वाचकांनी गळ कधी हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. गळ म्हणजे पोलादी तारेचा वाकवलेला आकडा. त्याचे टोक सुईसारखे असते. या टोकाच्या किंचित मागे, आतल्या बाजूला, तार कापून उचललेले एक बारीक कुसळ असते. त्याचे तोंड टोकाच्या उलट दिशेला असते, म्हणून त्याला येथे मी उलटा काटा म्हणतो. टोक मांसात शिरताना हा काटा आड येत नाही. बाहेर निघताना मात्र अडतो. मासा उसळला, दोरी क्षणभर सैल पडली, तरी गळ निसटत नाही तो या काट्यामुळे. गांडूळ गळावर टिकून राहण्यासही त्याची मदत होते. बिनकाट्याचा गळ ज्या वाटेने शिरतो त्याच वाटेने सहज बाहेर येतो. तो वापरणाऱ्याला दोरी अखेरपर्यंत ताणलेली ठेवावी लागते. तो मुद्दाम विकत घ्यावा लागतो असेही नाही. साध्या गळाचा काटा पकडीने दाबून सपाट केला, वर कानशीचे चार हात फिरवले, की काम झाले.

आता खाणाऱ्याचा विचार करू. मावळात कातकरी आणि ठाकर समाजाच्या कितीतरी घरांत मासा हा हौसेचा विषय नाही. पावसाळ्यात चढणीचे मासे, भातखाचरातले खेकडे, उन्हाळ्यात डोहातली मरळ किंवा वाम, यांवर तेथील कालवण अवलंबून असते. अशा घरातील मुलगा दोरीला एक गळ बांधून ओढ्यावर बसतो तेव्हा निसटलेला मासा म्हणजे रात्री कोरडी भाकरी. त्याला काटा काढून टाकायला सांगणे म्हणजे नांगरणाऱ्याला फाळ बोथट कर म्हणण्यासारखे आहे. शिवाय दुसरीही एक गोष्ट आहे. मासा मारायचाच असेल, तर जखमी होऊन निसटलेला मासा कोणाच्याच उपयोगी पडत नाही. तो खाणाऱ्याला मिळत नाही आणि नदीलाही धडधाकट मिळत नाही. उलटा काटा येथे वाया जाणारे जीव कमी करतो. गळ एका वेळी एकच मासा धरतो, तोही डोळ्यांसमोर. बारीक घराचे जाळे पिल्लांसकट सगळे ओढून आणते आणि सुरुंगाचा बार तर सारा डोह उपसून टाकतो. त्यांच्या तुलनेत काट्याचा गळ हे अत्यंत संयमी अवजार आहे, हे शहरातून येणाऱ्या मित्रांनी ध्यानात घ्यावे.

परंतु हौशी मंडळी बहुधा ज्या माशासाठी येतात त्याची गोष्ट निराळी आहे. तो मासा म्हणजे महासीर. आपल्या भागाशी याचे नाते फार जुने आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णने लिहिली, त्यात १८३९ साली त्याने पुण्याच्या मुळा-मुठेतील या माशाला शास्त्रीय नाव दिले, ‘खुद्री’. आपल्याकडील लोकांच्या तोंडचे नावच त्याने लॅटिन पोशाखात बसवले. आजही जगभरचे शास्त्रज्ञ या माशाला ‘टॉर खुद्री’ म्हणतात. पुढे १९७१ साली डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी या माशाची अंडी घालण्याची रीत आणि पिल्लांची वाढ यांविषयीचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच सुमारास लोणावळ्याला वलवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने महासीरची पैदास सुरू केली. १९१५ पासून खोपोलीच्या वीजगृहाला पाणी पुरवणारी जी धरणे घाटमाथ्यावर उभी राहिली, तशाच धरणांनी देशभर या माशाची पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढण्याची वाट अडवली आहे. आणि धरणाच्याच काठावर त्याची पिल्ले वाढवण्याचा प्रयत्न झाला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

महासीर फार अंडी घालणारा मासा नव्हे. रोहू-कटला यांच्या मानाने त्याची अंडी थोडी असतात आणि त्याला मोठे होण्यास कित्येक वर्षे लागतात. म्हणून एक मोठी मादी गेली तर ते नुकसान एका माशापुरते राहत नाही. त्याच्या जबड्यात दात नसतात, पण घशात इतके मजबूत दात असतात की शिंपल्यांचा आणि गळांचाही चुरा होतो. ओठ जाड आणि पुढे येणारे असतात. गळ ओठात रुतला तर जखम साधी असते. घशात किंवा कल्ल्यांजवळ गेला तर मात्र तो उपटताना रक्त वाहते. खोट्या माशाला बहुधा तीन तोंडांचे गळ टांगलेले असतात. तीन तोंडे आणि तीन उलटे काटे म्हणजे सुटका करताना मिनिटे जातात, आणि पाण्याबाहेर माशाचे प्रत्येक मिनिट महाग असते.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बिनकाट्याच्या गळाचे पुरस्कर्ते कधीकधी असे बोलतात की जणू काटा म्हणजे मृत्यू आणि बिनकाटा म्हणजे जीवदान. संशोधन इतके सरळ सांगत नाही. अमेरिकेत शिल आणि स्कार्पेला या दोन अभ्यासकांनी १९९७ साली ट्राउट माशांवरील आधीचे प्रयोग एकत्र करून पाहिले. काट्याच्या गळाने धरून सोडलेल्या माशांपैकी शेकडा ४.५ आणि बिनकाट्याच्या गळाने धरलेल्यांपैकी शेकडा ४.२ मेले, असा हिशेब निघाला. हा फरक नसल्यातच जमा आहे. या अभ्यासकांनी काट्यावरील बंदीला जीवशास्त्राचा नव्हे, तर सामाजिक प्रश्न ठरवले. मग कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नद्यांवर बिनकाट्याच्या गळाची सक्ती आहे ती व्यर्थ म्हणायची काय?

मला तसे वाटत नाही. ते प्रयोग ट्राउटवरचे आहेत. आपल्या उन्हाळ्यातील कोमट पाण्यात, जेथे पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, तेथे त्यांचे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. दुसरे असे की, प्रयोग करणारा माणूस सराईत असतो. काठावर प्रथमच आलेला तरुण तसा नसतो. तो मासा कोरड्या हातांनी धरतो, त्यामुळे अंगावरचा बुळबुळीत थर, म्हणजे माशाचे रोगापासून रक्षण करणारे कवच, निघून जाते. तो मासा तापलेल्या खडकावर ठेवतो, गळ पिरगाळतो, काटा ओठ फाडतो, आणि मग मित्राला म्हणतो, “थांब, एक फोटो काढ.” बिनकाट्याचा गळ असेल तर मासा पाण्यात असतानाच बोटाच्या झटक्याने सुटतो. त्याला वर उचलण्याची गरजच उरत नाही. काट्याने मासा मरतो की नाही यापेक्षा काट्यामुळे तो आपल्या हातात किती वेळ राहतो, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. नवख्या माणसाच्या हातून होणारे नुकसान बिनकाट्याच्या गळाने नक्कीच कमी होईल.

आणि मासा सोडूनही दिला, तरी प्रश्न माशापुरता कोठे असतो? काठीचा झटका चुकला की तोच गळ शेजाऱ्याच्या बोटात किंवा कानात जातो. बिनकाट्याचा असला तर मागे ओढून काढता येतो. काट्याचा असला तर दवाखाना गाठावा लागतो. खडकात अडकून तुटलेली नायलॉनची दोरी आणि तिच्या टोकाचा गळ तलावाकाठी तसाच पडून राहतो. पाणकावळा, बगळा, चरायला आलेले वासरू यांना तो दिसत नाही. त्यांच्यापैकी कोणी गळाला लागण्याचे कारण नव्हते.

याहून मोठा आक्षेप आमच्याच गावांतून येतो. मावळ ही वारकऱ्यांची भूमी आहे. देहूला इंद्रायणीच्या ज्या डोहात तुकोबांच्या गाथा बुडवल्या गेल्याचे सांगतात, तेथील मासे भाविकांच्या श्रद्धेने राखले आहेत. गळ्यात तुळशीची माळ असलेला माणूस विचारतो, “खायचे नाही, तर धरायचे कशाला? एका जिवाच्या तोंडात लोखंड घालायचे, त्याला दमवायचे आणि वर म्हणायचे की आम्ही दया केली!” हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू असल्याचे दाखवून दिले. माशाला आपल्यासारखी वेदना होते काय, यावर शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत. पण त्याला काहीच कळत नाही असे म्हणणे आता कठीण झाले आहे. स्वित्झर्लंडच्या कायद्याने तर सोडून देण्याच्या हेतूने मासा धरण्यासच मनाई केली आहे. त्या देशाचा कायदा आणि आमच्या गावचे माळकरी आजोबा एकाच मुद्द्यावर यावेत, याचे मला नवल वाटले.

माळकऱ्याची भूमिका सर्वांत स्वच्छ आहे हे मी मान्य करतो. ज्याला ती पेलते त्याने गळ हातीच धरू नये. पण नदीकाठी येणारा प्रत्येकजण माळ घालणार नाही. जो हौसेसाठी मासा धरणारच आहे, त्याच्यावर या प्रश्नाने एक जबाबदारी येते. आपली हौस दुसऱ्या जिवाच्या खर्चाने चालते हे त्याने ओळखावे आणि तो खर्च शक्य तितका कमी करावा. पकडीने काटा दाबणे हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे. तेवढेही ज्याला जड वाटते, त्याच्या दयेवर माळकऱ्याने विश्वास का ठेवावा?

मात्र मासा सोडणे म्हणजे नेहमीच पुण्य, असा समज कोणी करून घेऊ नये. याचा धडा आपल्या लोणावळ्यापासूनच सुरू होतो. वलवणला वाढवलेली महासीरची पिल्ले महाराष्ट्राबाहेरच्याही पाण्यात गेली. कावेरीतही ‘खुद्री’ सोडला गेला. हेतू चांगला होता. पण कावेरीत पाठीवर कुबड असलेला, नारिंगी परांचा एक प्रचंड महासीर मूळचा राहत होता. बाहेरून आलेला मासा तेथे झपाट्याने वाढला आणि कुबडाचा महासीर दिसेनासा होत गेला. २०१८ साली त्याची शास्त्रीय ओळख पक्की होऊन ‘टॉर रेमादेवी’ हे नाव त्याला लावले गेले, तोपर्यंत तो नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आला होता. हे लक्षात कसे आले, तेही सांगण्यासारखे आहे. कावेरीकाठच्या शिबिरात मासे धरून सोडणाऱ्या हौशी लोकांनी १९९८ ते २०१२ या काळात प्रत्येक माशाची नोंद वहीत केली होती. सहा हजारांहून अधिक माशांच्या त्या नोंदींवरून संशोधकांना हा बदल वाचता आला. म्हणजे आंधळेपणाने सोडलेल्या माशाने नुकसान केले आणि नोंद करून सोडलेल्या माशाने ते उघडकीस आणले. सोडणाऱ्यापाशी दयेबरोबर ज्ञानही हवे, ते यासाठी.

याच न्यायाने आपल्या पाण्यातही सगळेच मासे सोडण्याच्या लायकीचे नाहीत. चिलापी हा परदेशी मासा आपल्या तलावांत बेसुमार वाढतो. आफ्रिकी मांगूर तर आपल्या माशांची पिल्ले खाऊन टाकतो. त्याच्या पैदाशीवर आपल्या देशात २००० सालापासून बंदी आहे. असा मासा गळाला लागला तर त्याला मोठ्या मनाने परत पाण्यात सोडणे ही दया नव्हे. तेथे काट्याचा गळ घ्यावा आणि चिलापी घरी नेऊन तळावी. नदीवर उपकार होतील आणि जेवणही होईल.

कोणी म्हणेल, इंद्रायणीत सांडपाण्याचा फेस तरंगत असताना, ओढ्यांत विष कालवले जात असताना, तुम्ही तांदळाएवढ्याही नसलेल्या काट्यावर पानेच्या पाने काय लिहिता? आक्षेप खरा आहे. महासीरचे मोठे शत्रू सांडपाणी, सुरुंग, बारीक जाळी आणि अडवलेल्या वाटा हेच आहेत. गळाचा काटा त्यांच्या रांगेत फार मागे उभा आहे. पण सांडपाण्याचा नळ बंद करणे माझ्या एकट्याच्या हाती नाही. गळ मात्र माझ्याच हातात आहे. शिवाय नदीवर वर्षानुवर्षे येणारा, माशांची नोंद ठेवणारा माणूसच नदी बिघडल्याचे प्रथम ओळखतो आणि त्याबद्दल बोलतो. अशी माणसे वाढावीत म्हणून त्यांचे आणि गावकऱ्यांचे सख्य असले पाहिजे. कातकऱ्याच्या पोराला निर्दय म्हणून ते कसे होणार?

म्हणून आपल्या महाविद्यालयातील भ्रमणप्रेमी आणि निसर्गप्रेमी मित्रांना माझी विनंती आहे. मासा धरून सोडायचा असेल तर घरून निघतानाच गळाचा काटा दाबून टाका, तीन तोंडांचा गळ काढून एक तोंडाचा लावा, हात ओले करा आणि माशाला पाण्यातच मोकळा करा. पावसाळ्यात अंडी घालायला वर चढणाऱ्या महासीरच्या वाटेला जाऊ नका. तुटलेली दोरी गोळा करून परत आणा. काय धरले, कोठे, केवढे, हे वहीत लिहा. आपल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना ती वही पाहायला नक्कीच आवडेल. खायचा असेल तर काट्याचा गळ घ्या, लागेल तेवढाच मासा घ्या आणि त्याची लाज बाळगू नका. आणि काठावर एखादा गावचा मुलगा साध्या दोरीला गळ बांधून बसलेला दिसला, तर त्याला उपदेश करण्याआधी डोहात काय आहे ते विचारा. बहुधा त्याला आपल्यापेक्षा अधिक माहीत असेल.